मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवरून

मंठा,
२६ एप्रिल

प्रिय बबलू,

परवा तुझी काळी गाडी इथल्या बसस्टँडपुढून गेली तेव्हा मी कोपऱ्यावर भाजी घेत उभी होते. तू मला पाहिलं नाहीस. एवढ्या उंचावरून आणि त्या काळ्या काचांमधून खालचं माणूस दिसत नसावं. गाडी अगदी छान दुरुस्त झाली आहे. फेब्रुवारीतल्या अपघाताची एक खूण राहिलेली नाही. उजवा दिवा नवा, मडगार्ड नवा, आणि पुढचा लोखंडी गार्ड तर आधीपेक्षा जाड. भाजीवाली म्हणाली, "बाई, तुमच्या भावाची न्हवं का गाडी? काय दिसून राह्यली!" मी हो म्हणाले आणि कोथिंबीर पिशवीत टाकली. घरी यायच्या ऐवजी पाय पोलीस ठाण्याकडे वळले. ठाण्याच्या मागच्या भिंतीशी सिराजोद्दीन चाचांची पांढरी गाडी टाकलेली आहे. तिचं तोंड बोनेटपासून स्टिअरिंगपर्यंत आत गेलेलं आहे, जसा कुणी पत्र्याचा डबा पायाखाली घेतला असावा. मागच्या काचेवर 'मोटार ड्रायव्हिंग स्कूल' ही अक्षरं मात्र जशीच्या तशी. आत सीटवर एक मांजर व्यायली आहे.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "आक्का, तू टेन्शन घेऊ नको, म्या बराबर करतो सगळं," म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून पत्र. तू हसशील, आजकाल कोण पत्र लिहितं म्हणून. पण वीस वर्षं फळ्यावर लिहिण्यात गेली माझी. लिहिताना माझं डोकं ठिकाणावर राहतं, आणि तुला मध्येच ठेवून देता येत नाही.

आपल्या घरी पहिली चारचाकी आली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास आणि मी सोळा. आपल्या आबांच्या, रखमाजी ग्रामसेवकाच्या, दारात मोटार आली म्हणून अर्धं गाव बघायला लोटलं होतं. आबांनी ती तिसऱ्या हाताची घेतली होती, दारं लावताना दोनदा ओढावी लागायची. तिच्यातून आपण राजूरच्या गणपतीला गेलो होतो. आबा, आई, दोन्ही काकू, त्यांची पोरं, मी, नऊ माणसं. तू माझ्या मांडीवर होतास आणि सगळ्या रस्त्याभर खिडकीतून हात बाहेर काढून वारा धरत होतास. उतार लागला की आबा इंजिन बंद करायचे. पेट्रोल वाचतं, म्हणायचे. गाडी आवाज न करता घरंगळत जायची, आतली सगळी माणसं आपोआप गप्प व्हायची, आणि उतार संपताना आबा परत चालू करायचे तेव्हा तू टाळ्या वाजवायचास. मला अजून वाटतं, आपल्या घरच्यांना एवढं एकत्र, एवढं गप्प आणि एवढं खूश मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग जालन्यातलं ते लग्न. तेव्हा तू चौदाचा होतास. आबांनी गाडी मंडपासमोर लावली होती, सावलीत. तेवढ्यात कुणा पुढाऱ्याच्या तीन मोठ्या गाड्या आल्या. मांडवातला एक जण पळत आला आणि म्हणाला, "ओ काका, ती डबी बाजूला घ्या जल्दी, साहेब आले." आबा हसत हसत गेले, पण गाडी चालूच होईना. शंभर दीडशे पाव्हण्यांसमोर आबा आणि तू ती ढकलत उकिरड्यापर्यंत घेऊन गेलात. माझं लग्न नुकतंच झालेलं, मी सासरच्या बायकांत उभी होते, आणि मीही तुमच्या मदतीला आले नाही. तू परत आलास तेव्हा तुझ्या नवीन पांढऱ्या शर्टाला ग्रीस लागलं होतं. जेवला नाहीस. मी तेव्हाच ओळखलं होतं की हे पोर हा दिवस विसरणार नाही. म्हणून तू पुढे खडी क्रशर टाकलास, कामं घेतलीस, माणसं जोडलीस आणि एकामागे एक मोठी गाडी घेत गेलास, तेव्हा मी तुला कधी बोलले नाही. मला कारण माहीत होतं. ते लक्षात ठेवून तुला माफ करत राहिले. जरा जास्तच केलं.

एवढ्या गोष्टी होत्या दिसण्यासारख्या. तू घरी यायचास आणि गाडी दारात चालूच ठेवायचास, आतलं एसी थंड राहावं म्हणून. तू आत बसून दोन घंटे जेवायचास, बोलायचास, आणि बाहेर ती रिकामी गाडी घरघरत राहायची. फाटकाजवळची माझी तगर तिच्या धुराने एका बाजूने करपली. तुझे दाजी एकदा म्हणाले, "बंद करा ना जरा, आठचं पण ॲव्हरेज देत न्हाई ती." तू म्हणालास, "दाजी, ज्याला ॲव्हरेज विचारायचा त्यानं ही गाडी घ्यायचीच न्हाई." सगळे हसले. मीही हसले.

माझी गाडी लिटरला बावीस देते. निळी, चार माणसांची, पाचवं बसलं तर त्याने श्वास मोजून घ्यावा. शाळा एकोणीस किलोमीटरवर मिळाली आणि एसटीच्या वेळा जमेनात, तेव्हा मी छत्तिसाव्या वर्षी गाडी शिकायला सिराजोद्दीन चाचांकडे गेले. तू म्हणाला होतास, "त्या डब्यात शिकशील तर डबाच चालवशील." मंठ्यातल्या निम्म्या बायकांना त्या माणसाने गाडी शिकवली, बबलू. मास्तरणी, नर्सबाई, अंगणवाडीच्या ताया. त्यांच्याजवळ बसलेल्या बाईला कधी संकोच वाटला नाही. पान खाऊन लाल झालेले ओठ, डोक्यावर जाळीची टोपी, आणि पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक, जो ते फार कमी वेळा दाबायचे. मी घाबरून ॲक्सिलेटर दाबला की म्हणायचे, "दाबायचं न्हाई बेटी, पाय ठेवायचा फक्त. गाडी आपली चालती." समोरून ट्रक आला की मी गाडी पार कडेला घालायला बघायचे. ते म्हणायचे, "त्याला त्याचा रस्ता दे. आपला आपल्याला पुरतो." दोन महिने शिकवलं. शेवटच्या दिवशी मला एकटीला गाडी परतूरपर्यंत नेऊन आणायला लावली आणि स्वतः मागच्या सीटवर बसून झोपले. खरंच झोपले. मला इतका मान कुणी दिला नव्हता.

आता त्या दिवसाकडे येते. तुला ते आठवायचं नसेल. मलाही नाही. पण आपण दोघांनी ते एकदा तरी जसं झालं तसं मांडलं पाहिजे, आणि तू मांडणार नाहीस.

रविवार होता. जालन्याला मामेबहिणीच्या पोरीचा साखरपुडा. तू मला आणि आईला घ्यायला आलास. तुझा ड्रायव्हर कारभारी गाडी चालवत होता आणि तू शेजारी. मंठा सुटल्यावर तू म्हणालास, "कारभारी, तू बैलगाडी हाकून राह्यला का? इकडं ये." रस्त्याच्या कडेला थांबून तुम्ही जागा बदलल्या. मी मागे उजव्या हाताला होते, तुझ्या बरोबर मागे. म्हणजे रस्ता मला जेवढा दिसत होता तेवढा गाडीत तुझ्याशिवाय कुणालाच दिसत नव्हता. आई माझ्या शेजारी जपमाळ ओढत होती. वाटूरच्या अलीकडे पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला, दोन ट्रॉल्यांचा, वरपर्यंत भरलेला. पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी म्हणाले, "बबलू, थांब जरा." तू हॉर्न दाबलास आणि बाहेर काढलीस. दुसऱ्या ट्रॉलीपाशी पोहोचलो तेव्हा समोर पांढरी गाडी होती. ती तिच्याच बाजूने येत होती. आपल्याला पाहिल्यावर ती आणखी कडेला गेली, तिची डावी चाकं डांबर सोडून मुरुमात उतरली. त्यापलीकडे नाली होती, त्यांना आणखी सरकायला जागाच नव्हती. तुला ब्रेक दाबून ट्रॉलीच्या मागे येता आलं असतं. तू गाडी आणखी पळवलीस. मी पाहिलं, तुझा पाय खाली गेला आणि माझी पाठ सीटला चिकटली. तुला वाटलं, समोरचा लहान आहे, तोच सरकेल.

आवाज फार मोठा झाला नाही. आपल्याला एक धक्का बसला, तेवढंच. एअरबॅगसुद्धा उघडल्या नाहीत. आईची माळ हातातून सुटली नाही. तू खाली उतरलास आणि सगळ्यात आधी पुढे जाऊन गार्डवरून हात फिरवलास. तो हात मी रोज बघते, बबलू. मग तू पलीकडे पाहिलंस.

मी धावत गेले. पांढरी गाडी अर्धी नालीत होती. जवळ जाईपर्यंत ती कुणाची ते मला कळलं नव्हतं. चाचा स्टिअरिंगच्या मागे दबले होते आणि बाजूला शकीलाचाची, त्यांचा हात चाचांच्या खांद्यावर. डोळे दाखवून येत होते दोघं जालन्याहून. चाचांनी मला ओळखलं. "दैवशाला बेटी? पहिले चावी बंद कर. पेट्रोलचा वास येऊन राह्यला." मी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. ट्रॅक्टरवाल्यांनी पहार घालून दार उचकटलं आणि दोघांना बाभळीखाली आणून ठेवलं. कारभारी रडत होता. तो तुला म्हणाला, "शेठ, आपल्या गाडीत टाकू. वीस मिंटात परतूर गाठतो, बिलकुल गाठतो." आणि तू म्हणालास, "हात लावू नका कोनी. पोलीस केस हाय. ॲम्बुलन्स येऊ द्या."

सात माणसं ऐसपैस बसतील एवढी गाडी. चालू होती. एसीसुद्धा चालू होतं, कारण तू ते बंद केलंच नव्हतं. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली, ती पन्नास मिनिटांनी आली. त्या पन्नास मिनिटांत चाचा गेले. मी त्यांच्याजवळ बसले होते, पण तुझ्याकडे येऊन, तुला बाजूला सारून कारभारीला स्टिअरिंगवर बसवलं नाही. मला गाडी चालवता येते, मी स्वतःही नेऊ शकले असते. ज्याने मला शिकवलं तोच समोर पडलेला होता आणि मी एवढंही केलं नाही. तू माझा धाकटा भाऊ आणि मी तुझ्या शब्दाबाहेर जायला घाबरले. हे तुझ्या माथ्यावर टाकत नाही. हे माझं आहे.

तेवढ्या वेळात तू कारभारीला घेऊन ट्रॉलीच्या मागे गेलास. परत आलात तेव्हा तुझा हात त्याच्या खांद्यावर होता. बारा वर्षांत पहिल्यांदा पाहिला मी तुझा हात त्याच्या खांद्यावर. त्याचं रडणं थांबलं होतं. पोलीस आले तेव्हा तो ड्रायव्हरच्या दारापाशी उभा होता. आई मला गाडीत ओढून म्हणाली, "तू झोपली व्हतीस. म्या बी झोपले व्हते." आणि मी जबाबात तेच सांगितलं. झोप लागली होती, काही पाहिलं नाही. खाली सही केली, मराठीत, सुवाच्य अक्षरात.

त्यानंतर काय काय झालं ते तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूने ऐक. आमच्या शाळेतल्या दोघा सरांनी महिन्याभरात आपल्या लहान गाड्या विकून टाकल्या. बायकोपोरांचा जीव आहे म्हणे, समोरून कोण कसा येईल सांगता येत नाही. तुझे दाजीही तेच बोलायला लागले. आणि पाडव्याच्या दिवशी तू ती गाडी पाठवलीस. पांढरी, उंच, झेंडूचा हार घातलेली, माझ्या नावावर. सोबत तूही आलास आणि पेढ्यांचा पुडा हातात देत म्हणालास, "आक्का, तो चाचा असल्या गाडीत असता तर वाचला असता का न्हाई, सांग? लहान गाडी म्हंजे मौत हाय. माझ्या बहिनीला म्या डब्यात फिरू देनार न्हाई." तुझे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. कडू आहे ते हेच, बबलू. तू खरं बोलत होतास. ते मोठ्या गाडीत असते तर वाचले असते. पण तू लहान गाडीत असतास तरीही ते वाचले असते, हे तुझ्या मनात आलं नाही. लहान गाडीत तू त्या ट्रॉलीच्या बाहेर निघालाच नसतास. थांबला असतास, जसे सगळे थांबतात.

ती गाडी मी ठेवून घेतली. आमच्या गल्लीत ती मावत नव्हती, समोरच्या नंदाबाईचं दार निम्मंच उघडायचं. तिसऱ्या दिवशी मी ती शाळेला नेली. तुला खोटं का सांगू, मला आवडली. खड्डे कळत नव्हते. पुढचे लोक आपोआप बाजूला व्हायचे. मोटारसायकलवाले आरशात बघून कडेला घ्यायचे. निळ्या गाडीला जे ट्रकवाले दाबत होते ते मला जागा देत होते. चव्वेचाळीस वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं की रस्ता माझ्यासाठी केलेला आहे. तुला काय वाटत असेल ते त्या दिवशी मला कळलं, आणि मी काही तुझ्यापेक्षा वेगळ्या मातीची नाही हेही कळलं. चौथ्या दिवशी शाळेच्या वळणावर मी थोडी वेगात होते. बोनेटपुढे काहीच नव्हतं. निदान मला काही दिसलं नाही. फक्त कडेला काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. थांबून उतरले तर माझ्याच चौथीतली गजाला सायकलसकट नालीत. ती सायकलीवर माझ्या बोनेटच्या उंचीखाली होती. तिला लागलं नव्हतं, तिने स्वतःच उडी टाकली होती. ती चिखलातून उठली, फ्रॉक झटकला, आणि मला बघून हात जोडून म्हणाली, "नमस्ते बाई." वर म्हणाली, "चूक झाली बाई, म्या पहिलेच बाजूला व्हायला पाहिजे व्हतं."

मी त्या दिवशी वर्गात शिकवू शकले नाही. दुपारी ती गाडी शाळेच्या आवारात लावली आणि एसटीने घरी आले. दुसऱ्या दिवशी तुझ्या नवीन ड्रायव्हरने येऊन नेली. तू फोनवर चिडलास, पण मी कारण सांगितलं नाही.

आठवड्याने मी शकीलाचाचींकडे गेले. तू कधी गेला नाहीस, म्हणून सांगते. त्यांच्या कमरेचं हाड मोडलं होतं, आता काठी घेऊन भिंतीच्या आधाराने चालतात. मुलगा हाशिम पुण्याला असतो, तो सुट्टी टाकून आलेला. मला वाटलं होतं त्या मला दारातून परत पाठवतील. त्यांनी चहा ठेवायला लावला. मग त्यांनी हाशिमला पोलिसांकडून मिळालेला एक कागद आणायला सांगितलं. पोलिसात जे लोक सांगून आले त्यावरून त्यात लिहिलं होतं की पांढरी गाडी चुकीच्या बाजूने भरधाव आली. तू सांगितलेलं, कारभारीने सांगितलेलं. ट्रॅक्टरवाल्यांना मागचं दिसलं नव्हतं. आणि मी झोपलेली. चाची तो कागद मांडीवर सपाट करत म्हणाल्या, "मौत तो अल्ला के हाथ में है बाई, उसका गिला नै करती मैं. लेकिन वो कब्बी गलत साइड नै गए. अट्ठाईस साल में एक बार नै. इतना लिखवा दो किसी को बोल के." हाशिम म्हणाला, "अम्मी, बाई झोपल्या होत्या, त्यांना काय माहीत." चाचींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. चावी फिरवायला खिडकीतून आत गेलेला हात त्यांनी पाहिला होता आणि धक्का बसायच्या आधी समोरच्या स्टिअरिंगमागे कोण होतं तेही पाहिलं असेल. तरी त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझ्यासाठी बिस्किटं मागवली.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर कदाचित मी आजही गप्प असते.

मी बोलणार असल्याचं कळल्यावर आई माझ्याकडून निघून तुझ्याकडे आली. जाताना म्हणाली, "भावाला खड्ड्यात घालून तुला कोन्तं मेडल मिळनार हाय?" तिच्या बीपीच्या गोळ्या निळ्या पिशवीत आहेत, सकाळची चुकवते, लक्ष ठेव. कारभारीची बायकोही आली होती. तिने माझे पाय धरले. तू तिच्या घराचं सगळं बघतो आहेस, पोरींच्या शाळेचंही, आणि मी तोंड उघडलं तर ते थांबेल, असं तिला वाटतं. म्हणाली, "बाई, आमच्या ह्यांनी गुन्हा अंगावर घेतला तो पोरींसाठी. तुम्ही तो परत ह्यांच्याकडून काढून घेऊ नका." म्हणजे बघ, मी खरं बोलून कुणाचंच भलं करत नाही. चाचा परत येत नाहीत. कारभारीची नोकरी जाईल. आई माझ्याशी बोलेनाशी झाली. तुझे दाजी चार दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत आहेत. मला यातून हलकं वगैरे काही वाटत नाही. पण आता कुणी विचारलं तर खोटं सांगणार नाही.

मी आठ दिवसांपूर्वी तपास करणाऱ्या साहेबांना लेखी अर्ज दिला आणि आज सकाळी अकरा वाजता कोर्टात न्यायाधीशांपुढे माझा जबाब झाला. गाडी तू चालवत होतास, ट्रॉलीच्या पुढे तू काढलीस, पांढरी गाडी तिच्या बाजूला होती, तिची डावी चाकं मुरुमात होती, आणि जिवंत माणसाला गाडीत घ्यायला तू नाही म्हणालास. सगळं क्रमाने सांगितलं. हे तुला समन्स आल्यावर किंवा वकिलाच्या तोंडून कळू नये म्हणून आजच लिहिते आहे. पत्र मिळाल्यावर एक दोन दिवस तुझ्या हातात असतील. स्वतः जाऊन हजर झालास तर चांगलं. कारभारीला मोकळा कर आणि त्याच्या पोरींचं बघणं चालू ठेव, तो तुझ्यासाठी पुढे आला होता. उलटतपासणीत तुझा वकील मला विचारेल, आधी झोपले होते असं का सांगितलंत. मी सांगेन, भावासाठी खोटं बोलले. त्याला त्याचं जे करायचं ते करू दे. आज जबाब संपल्यावर तिथल्या कारकुनाने माझं नाव, वय, पत्ता लिहून घेतला आणि खाली बघतच विचारलं, ज्याचं नाव घेतलं त्याच्याशी ओळख कशी. मी म्हणाले, सख्खी थोरली बहीण. त्याने पेन थांबवून वर पाहिलं. मला वाटलं त्याला नीट ऐकू गेलं नसावं, म्हणून मी पुन्हा एकदा सांगितलं.

तू मान किंवा मानू नको, तुझीच
दैवशाला आक्का